मुघल-ए-आझमचा फेरफार

निवृत्त तलाठ्याच्या हाती रिकामी एक्सेल शीट देऊ नये. तो तिचा सातबारा करतो.

आमचे सासरे, आप्पा, गडहिंग्लज तालुक्यात तलाठी म्हणून लागले आणि सर्कल होऊन निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे बांध बघण्यात, वारस लावण्यात आणि ‘हे आसं चालायचं न्हाई’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणण्यात घालवली. आता ते बेळ्ळंदूरला आमच्याकडे असतात. बेळ्ळंदूरमध्ये अशा माणसाचे फार हाल होतात, कारण इथे जमीनच दिसत नाही. खाली पार्किंग, वर फ्लॅट, मधे भाव. आउटर रिंग रोडच्या कडेला काचेच्या इमारती, त्यांच्यामागे आमच्यासारख्यांचे मनोरे आणि मनोऱ्यांच्या पलीकडे ते सुप्रसिद्ध तळं. नऊशे एकरांच्या घरातलं पाणी म्हटल्यावर आप्पांचे डोळे चमकले होते. पण हे पाणी फेसाळून रस्त्यावर यायचं आणि २०१५ व २०१७ साली चक्क पेटलं होतं, हे कळल्यावर ते गप्प झाले. पाण्याला आग लागल्याचा पंचनामा कोणत्या नमुन्यात करायचा, हे त्यांना कुठल्याच परिपत्रकाने शिकवलं नव्हतं.

रिकामा माणूस घरातल्या प्रत्येक गोष्टीची तपासणी करतो. फ्रिजची झाली, मोलकरणीच्या वेळेची झाली, माझ्या ऑफिसच्या कॉलची झाली (‘त्यो माणूस तासभर फकस्त दिसतंय का, दिसतंय का इचारतोय’). तेव्हा नवऱ्याने घाईघाईने त्यांना काम दिलं. घरात सिनेमांचा ढीग आहे. कोल्हापुरातून आणलेल्या व्हीसीड्या, पुढच्या काळातल्या डीव्हीड्या, सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवलेलं. फायलींची नावं ‘मराठी जुना ३’, ‘आईचा आवडता, भाग दुसरा’ अशी. त्यांची नीट यादी करायची होती. नवऱ्याने रकाने आखून दिले : नाव, साल, भाषा, दिग्दर्शक आणि शेवटी ‘रंगीत की कृष्णधवल’. या शेवटच्या रकान्यात त्याने ड्रॉपडाउन ठेवला आणि त्यात दोन पर्याय. जगात कोणत्याही गोष्टीचे दोनच पर्याय असतात असं ज्यांना मनापासून वाटतं, अशा लोकांना आमच्या भागात भरपूर पगार देतात. मला मात्र पगार मिळतो तो तिसरा पर्याय शोधून त्यांचं काम परत पाठवण्याचा. मी टेस्टर आहे. पण घरात मी फुकट काम करत नाही, म्हणून गप्प बसले.

पहिले काही दिवस शांततेत गेले. ‘संत तुकाराम’, १९३६, कृष्णधवल. ‘श्यामची आई’, १९५३, कृष्णधवल. ‘सांगत्ये ऐका’, १९५९, तेच. ‘पिंजरा’, १९७२, रंगीत. ‘सिंहासन’पाशी आप्पा जरा थबकले. १९७९ साली रंग सहज मिळत असताना जब्बार पटेलांनी अख्खा सिनेमा काळापांढरा का केला? मग त्यांनीच उत्तर काढलं. “पुढाऱ्यांचं पिच्चर हाय. रंग बदलताना दिसाय नगं म्हणून आसंल.” आणि नोंद केली.

मग आला ‘मुघल-ए-आझम’. आणि एकटा नाही, दोन आले.

एक १९६०चा, के. आसिफचा मूळ. तो काळापांढरा, पण शीशमहालातलं गाणं आणि शेवटचा भाग टेक्निकलर. दुसरा २००४च्या दिवाळीत आलेला, संगणकाने नखशिखांत रंगवलेला. पहिल्याला ड्रॉपडाउनमधलं काय द्यायचं? आणि दुसऱ्याला? नवरा म्हणाला, “पहिला कृष्णधवल, दुसरा रंगीत. साधं आहे.” आप्पांनी चष्मा काढला. आमच्या घरात चष्मा काढणं म्हणजे सुनावणी सुरू होणं.

“रंग कुणी लावला?” आप्पा म्हणाले. “कवा लावला? आन् मालकाला इचारून लावला का?”

आता खरं सांगायचं तर या तीन प्रश्नांपलीकडे या विषयात काही नाही. जगभरच्या चित्रपट-संग्रहांनी वर्गीकरणावर जाडजूड नियमावल्या काढल्यात, दिग्दर्शकांनी कोर्टकज्जे केलेत, अमेरिकेत १९८८ साली त्यासाठी कायदा झाला, ती सगळी मंडळी आप्पांच्याच प्रश्नांशी येऊन थांबतात. पण ते पुढे. त्या दिवशी एवढंच झालं की नवऱ्याचा ड्रॉपडाउन उडाला आणि शीटमध्ये नवे रकाने आले : मूळ कब्जेदार, फेरफार, इतर हक्क, पोटखराब, शेरा.

मूळ कृष्णधवल चित्रपट म्हणजे जिरायत. मूळ रंगीत म्हणजे बागायत. ‘मुघल-ए-आझम’चा मूळ अवतार ‘जिरायत, पैकी काही गुंठे बागायत’. आणि २००४चा अवतार? त्यावर आप्पांनी एकच शब्द लिहिला : अतिक्रमण.

नवऱ्याने आसिफची बाजू मांडली. बिचाऱ्याने रंगीत भाग पाहिल्यावर सगळाच चित्रपट पुन्हा रंगात काढायचं ठरवलं होतं, पण वर्षानुवर्षं ताटकळलेल्या वितरकांनी हात टेकले, आता आहे तसा द्या म्हणाले. म्हणजे मालकाची इच्छा होतीच की! आप्पा म्हणाले, “इच्छा आसंल. इच्छापत्र कुठाय?” आसिफ १९७१ साली गेले, रंग लागला २००४ साली. तीन तासांच्या घरातला चित्रपट, सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे लाखो चित्रं रंगवली गेली आणि एकाही चित्रावर मालकाची सही नाही. प्रकरण प्रलंबित ठेवलं.

इथे समोरच्या फ्लॅटमधल्या अंकलचा प्रवेश होतो. ते मूळचे इथलेच. आज जिथे आयटी पार्कची कँटीन आहे तिथे त्यांच्या वडिलांची नाचणी उगवत होती, असं ते सांगतात. आप्पांना अख्ख्या बेळ्ळंदूरमध्ये भेटलेला हा पहिला खातेदार, त्यामुळे मैत्री पहिल्या चहालाच जुळली. आप्पांचं कन्नड गडहिंग्लजचं, म्हणजे ‘हौद्री’ आणि ‘इल्लरी’वालं. बेंगळुरूत ते ऐकून लोक गालातल्या गालात हसतात. अंकल उघड हसतात आणि मग घरून चकली आणून देतात.

अंकलनी शीट पाहिली आणि म्हणाले, “सार, हे फार अवघड करून ठेवलंय. आमच्याकडे सोपं आहे. ए खाता, बी खाता.”

बेंगळुरूत घर घ्यायला निघालेल्या माणसाला प्रेमाआधी हे दोन शब्द शिकवतात. ए खाता म्हणजे सगळे कागद जागच्या जागी. बी खाता म्हणजे पालिका कर तर घेते, पण घर पूर्णपणे आहे असं मान्य करत नाही. माणसं त्यात राहतात, बारसं करतात, सत्यनारायण घालतात, फक्त कर्ज मागायला गेलं की बँकेचा माणूस दुसरीकडे बघायला लागतो. अंकलच्या मते रंगवलेले चित्रपट म्हणजे सरसकट बी खाता. लोक बघतात, तिकीट घेतात, रडतात, पण कागद पुरे नाहीत. आप्पांना ही मांडणी इतकी आवडली की त्यांनी शेजारच्या राज्याची असूनही ती स्वीकारली.

पण लगेच अडचण आली. ‘हम दोनो’ १९६१चा, रंगवून प्रदर्शित झाला फेब्रुवारी २०११मध्ये. त्या वेळी देव आनंद हयात होते, चित्रपट त्यांच्याच नवकेतनचा. ‘नया दौर’ १९५७चा, रंगला २००७ साली, बी. आर. चोप्रा हयात. म्हणजे बांधकाम उशिराचं, मूळ नकाशात नसलेलं, पण मालक स्वतः दारात उभा राहून या या म्हणतोय. हे बी खाता कसं? अंकलकडे यालाही उत्तर होतं. कर्नाटकात बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करायची ‘अक्रम-सक्रम’ नावाची योजना निघाली होती, आणि ती वर्षानुवर्षं कोर्टात लोंबकळली. ‘हम दोनो’ अक्रम-सक्रम. आप्पांनी शेऱ्यात तसं लिहिलं आणि पुढे कंसात ‘कोर्टाच्या निर्णयास अधीन’.

एवढ्यावर भागलं असतं. पण सोसायटीच्या बाकड्यावर तिसऱ्या सभासद आल्या. वरच्या मजल्यावर निवृत्त ग्रंथपाल बाई राहतात. मूळच्या धारवाडच्या, त्यामुळे मराठी आपल्याइतकंच आणि बेळगावच्या लोकांहून दोन शब्द जास्तच येतं. त्या एस. आर. रंगनाथन यांच्या परंपरेतल्या. रंगनाथन म्हणजे १९३३ साली कोलन वर्गीकरण काढणारे गृहस्थ. उतारवयात ते बेंगळुरूत राहिले, १९६२ साली इथेच त्यांनी दस्तऐवजांच्या वर्गीकरणाचं शिक्षण देणारी संस्था उभी केली. जगातली कोणतीही वस्तू व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ अशा पाच अंगांनी बघायची ही त्यांची शिकवण. बाई भाजीवाल्याकडे गेल्या तरी वांगी याच क्रमाने निवडतात. त्यांनी आप्पांची शीट वाचली, पोटखराबपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “कल्पना वाईट नाही. पण यात टिंट कुठे आहे?”

“टिंट म्हंजी?”

आणि इथून आमच्या घरात मूकपट घुसले.

मूकपटांच्या काळात, बाई सांगू लागल्या, पडद्यावर नुसतं काळंपांढरं थोडंच असायचं? रात्रीचा प्रसंग असला की फिल्मची ती पट्टी निळ्या रंगात बुडवून काढायचे. दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला लाल. भर उन्हात चित्रण केलेलं असलं तरी पट्टी निळी केली की प्रेक्षक जांभया देत रात्र झाली म्हणून समजायचे. हे टिंट. यात पांढरा भाग रंगतो, काळा तसाच राहतो. याच्या उलट टोनिंग : त्यात रसायनाने फिल्मवरच्या चांदीचाच रंग बदलतात, म्हणजे काळा भाग रंगतो आणि पांढरा पांढरा राहतो. दोन्ही एकदम केलं की आणखी तिसरा प्रकार. शिवाय हाताने ब्रशने रंगवलेल्या फिल्मा वेगळ्या. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या १९०२च्या चंद्रावरच्या सफरीच्या चित्रपटाच्या काही प्रती पॅरिसमधल्या एका कार्यशाळेत बायकांनी अशा रंगवल्या होत्या, एकेक चौकट, नखाएवढी. आणि साचे कापून रंग भरलेल्या आणखी वेगळ्या. पुढे बोलपट आला आणि पंचाईत झाली. आवाज आता फिल्मच्याच कडेला प्रकाशाच्या पट्टीत छापलेला. रंगात बुडवलेल्या फिल्ममधून प्रकाश नीट जाईना, आवाज बिघडायला लागला. मग १९२९ साली कोडॅकला आवाजाला न दुखावणारी खास रंगीत फिल्म काढावी लागली.

आप्पा हे सगळं एखाद्या नव्या शासन निर्णयाचं वाचन ऐकावं तसं ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजी हा रंग मूळ मालकानंच लावलेला. प्रदर्शनाच्या आधी. सोताच्या खर्चानं.” बाई हो म्हणाल्या. “मग हे अतिक्रमण न्हवं. ही जमीन-सुधारणा.”

मला वाटतं, टिंट केलेला आणि मागाहून रंगवलेला चित्रपट यांच्यातला फरक इतक्या थोडक्यात एखाद्या चित्रपट महोत्सवातही कुणी सांगितला नसेल.

बाईंनी मग अमेरिकन ग्रंथालयांच्या यंत्रवाचनीय नोंदींचं प्रकरण काढलं. त्यात चित्रपटाच्या रंगाला एकेका अक्षराचे संकेत आहेत. पी म्हणजे सेपिया टोन, क्यू म्हणजे इतर टोन, आर म्हणजे टिंट, एस म्हणजे टिंट आणि टोन दोन्ही, टी म्हणजे साच्याने रंगवलेला, व्ही म्हणजे हाताने. आप्पांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, “वहिवाटीला काय अक्षर?” वहिवाटीला अक्षर नाही, हे कळल्यावर अमेरिकन ग्रंथालयांबद्दलचा त्यांचा आदर थोडा उतरला. तो पुन्हा वर चढला तो १९८८च्या कायद्यामुळे. टेड टर्नरने १९८६ साली एमजीएमचा जुना साठा विकत घेऊन चित्रपट रंगवायचा धडाका लावला, दिग्दर्शक भडकले, आणि त्या गोंधळातून असा कायदा आला की राष्ट्रीय यादीतला चित्रपट मूळ रूपात फेरफार करून दाखवायचा असेल तर तसं त्यावर लिहावं लागेल. “लिहावं लागंल,” आप्पा समाधानाने म्हणाले. “रंगवू नगा आसं न्हाई. नोंद करा. तिकडं बी तलाठी हायत म्हणायचं.”

१९३९चा ‘विझर्ड ऑफ ऑझ’ तर त्यांनी दोन मिनिटांत निकाली काढला. कॅन्ससमधला भाग सेपिया, वादळाने उडवून नेल्यावर जादूचा मुलूख टेक्निकलर. “कोरडवाहू आन् कॅनॉलचं. स्पष्ट हाय.”

या सगळ्यात सासूबाईंचं स्वतःचं स्वतंत्र वर्गीकरण होतं, ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या मते चित्रपट दोन प्रकारचे : ज्यात शेवटी माणसं भेटतात ते आणि दुसरे. रंगाचं त्यांना काही पडलेलं नाही. पण ‘पिंजरा’ बागायत लिहिलेला बघून त्या म्हणाल्या, “पिंजरा रंगीत कुठं होता? निळा, पिवळा आणि हिरवा होता.”

चौकशीत उलगडा झाला. त्यांनी तो पाहिला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या काचेवर तेव्हा रंगीत प्लॅस्टिकचा पडदा लावत. वर निळा पट्टा, मधे पिवळसर, खाली हिरवा. वर आकाश, खाली गवत, अशी ती योजना. बातम्या देणाऱ्या बाईच्याही डोक्यावर आकाश आणि पोटावर गवत. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, पण शेजाऱ्यांचा टीव्ही काही लगेच रंगीत झाला नाही. तेव्हा शांतारामबापूंनी रंगात काढलेला चित्रपट, काळ्यापांढऱ्या टीव्हीने धुऊन घेतलेला आणि शेजाऱ्यांच्या प्लॅस्टिकने पुन्हा रंगवलेला, असा सासूबाईंनी पाहिला. त्यातली संध्या कमरेखाली कायम हिरवी. डॉ. लागूंचे मास्तर उभे राहिले की नैतिक अधःपाताच्या आधीच त्यांचं डोकं निळं पडायचं.

हे कोणतं टिंट? लावलं कुणी? शेजाऱ्याने. केव्हा? प्रक्षेपणाच्या वेळी. मालकाला विचारून? शांतारामबापूंना गडहिंग्लजच्या प्लॅस्टिकची गंधवार्ताही नसणार. ग्रंथपाल बाई प्रथमच निरुत्तर झाल्या. आप्पांनी ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिलं : ‘शेजाऱ्याचा प्लॅस्टिकचा पडदा. हंगामी.’

शांतारामबापूंवरून ‘सैरंध्री’ निघाला. १९३३, प्रभात कंपनी. बापूंनी हा चित्रपट रंगीत करायचा घाट घातला, रंगाच्या प्रक्रियेसाठी थेट जर्मनीला नेला आणि रंग इतके भडक उतरले की सगळ्या खटपटीवर पाणी पडलं. रंगीत चित्रपटाचा मान मग गेला १९३७च्या ‘किसान कन्या’कडे. ‘सैरंध्री’ आमच्या डिस्कवर नाही. तरी आप्पांनी त्याची नोंद केली, कारण प्रभात मूळची कोल्हापूरची. ‘बागायत म्हणून अर्ज. पाणी लागले नाही.’ यावर अंकल म्हणाले, कोल्हापूर कोल्हापूर काय करता, आमचा पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४चा. आप्पा म्हणाले, हौद्री, पण तो तयार कुठे झाला? कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये. अंकलनी फोनवर शोधलं, मान हलवली आणि चहा सांगितला. सीमाप्रश्न आमच्या लॉबीत त्या दिवशी चहा येईपर्यंत मिटला होता.

माझ्या लेकीला वाटलं की इतकी चर्चा चाललीय तर आपणच एखादा चित्रपट रंगवून बघावा. ती नववीत आहे. तिने फुकटची कुठलीशी प्रणाली उतरवून ‘श्यामची आई’तली काही मिनिटं तिच्यात घातली. संगणक हे काम कसं करतो तर तो लाखो रंगीत फोटो बघून बघून शिकलेला असतो की गवत हिरवं असतं आणि कातडी अशी असते. पण करड्या रंगाच्या एकाच छटेमागे हिरवंही असू शकतं, लालही आणि जांभळंही. जिथे कळत नाही तिथे तो कुणालाच न दुखावणारा मधला रंग काढतो, आणि मधला रंग म्हणजे मातकट. त्यामुळे आमच्या कोकणात आषाढातही धूळ दिसत होती. श्यामचा एक हात गुलाबी, एक करडा. आणि आईचं लुगडं ती पाठमोरी असताना तपकिरी, वळली की जांभळट, खाली बसली की पुन्हा वेगळंच. सासूबाई डोळे पुसायच्या तयारीत पदर घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “एवढ्या गरिबीत हिनं तीन लुगडी कुठनं आणली?”

अख्ख्या साने गुरुजींना हा एक प्रश्न पुरून उरला असता.

लेकीने बाजू मांडली की कुंकू तर बरोबर लाल आलंय ना. तेव्हा बाईंनी आणखी एक बॉम्ब टाकला. मूकपटांच्या काळातली फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल वस्तू तिच्यावर काळी यायची, निळं आभाळ पांढरंफटक यायचं. म्हणजे १९१३ साली फाळक्यांच्या तारामतीने कपाळाला लाल कुंकू लावलं असेल तर पडद्यावर ते काळंच दिसलं असणार. सासूबाई हादरल्या. बाईंनी धीर दिला की तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं, तेव्हा फार मनावर घेऊ नका.

आणि अशा रीतीने बाकड्यावरची तिन्ही मंडळी हरिश्चंद्रापाशी येऊन पोचली.

खरं बोलणाऱ्या माणसाची नोंद सर्वांत सोपी असायला हवी. पण आपल्याकडे या राजाइतका प्रत्येक खात्यात बसलेला दुसरा खातेदार नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला तो ‘राजा हरिश्चंद्र’, मुका आणि काळापांढरा. १९३२चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, पहिला मराठी बोलपट, राजा तोच, काळापांढराच, पण आता बोलतोय. १९६५चा कन्नड ‘सत्य हरिश्चंद्र’, डॉ. राजकुमार, काळापांढरा. तोच २००८ साली रंगवून पुन्हा लागला, राजकुमार जाऊन दोन वर्षं झाल्यावर, त्यांच्या जन्मदिवशी. आणि २००९चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, काळापांढरा चित्रपट कसा निघाला हे सांगणारा रंगीत चित्रपट. स्वप्नात दिलेलं दान जागेपणी पाळणारा हा राजा, त्याच्याच अंगावर मरणोत्तर रंग चढवला गेला आणि कुणी विचारलं नाही की बाबा तुझ्या झग्याचा रंग खरा कोणता होता. तो एकटाच खरं सांगू शकला असता.

अंकलना मात्र रंगवलेलाच आवडतो. रंगवलेला तेलुगू ‘मायाबझार’ त्यांना पाठ आहे (१९५७चा, रंगला २०१० साली), रंगवलेला ‘कस्तुरी निवास’ ते थिएटरात जाऊन बघून आले होते. त्यांचं म्हणणं सरळ आहे. लहानपणी गावच्या तंबूत त्यांनी राजकुमारना बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सोन्याचा मुकुट होता, करडा नव्हता. संगणकाने त्यांचाच मुकुट परत दिला. आप्पांना यावर काही बोलता आलं नाही. मलाही सुचलं नाही. बी खात्यातल्या घरातही माणसं सुखाने नांदतात, हे बेंगळुरूत कुणाला सांगायला नको.

फिकट झालेल्या चित्रपटांचं मात्र एका दुपारी उरकलं. जुन्या रंगीत प्रतींमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि गुलाबीच तेवढा उरतो. आमच्याकडची सत्तरच्या दशकातल्या एका चित्रपटाची व्हीसीडी अशाच प्रतीवरून काढलेली. गाव, विहीर, पोलीस पाटील, सगळे रंगपंचमीहून परतल्यासारखे. रंग कुणी लावला? कुणी नाही, उलट काळाने नेला. पोटखराब.

शेवटी ठरलं की सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ‘सत्य हरिश्चंद्र’ लावायचा. डिस्क अंकलची, म्हणजे रंगवलेली. ग्रंथपाल बाईंची अट की मूळ रूपातच बघू. लेकीने तोडगा काढला : सेटिंगमध्ये जाऊन रंग शून्यावर आणला. पडद्यावरचा दरबार क्षणात करडा झाला आणि बाकड्यावरची सुनावणी खुर्च्यांवर सुरू झाली. रंगवलेल्या चित्रपटाचा रंग काढला तर तो पुन्हा कृष्णधवल झाला का? नवरा म्हणाला, अर्थातच. आप्पा म्हणाले, अतिक्रमण हटवलं म्हणून फेरफार पुसला जात नाही, वहीत दोन्ही नोंदी राहतात. सेक्रेटरी म्हणाले, साडेनऊला हॉल बंद होतो.

क्लबहाउसचा प्रोजेक्टर जुना आहे. त्याच्या पोटात काय बिघडलंय देव जाणे, पांढऱ्याला तो निळा करतो. त्यामुळे अयोध्येत भर दुपारी चांदणं पडलं. विश्वामित्र निळे, दरबार निळा, सूर्यवंशाच्या राजाला सूर्याचं दर्शन नाही. मुलं हसायला लागली. सेक्रेटरींनी प्रोजेक्टरला दोन चापट्या मारल्या, तेव्हा तो आणखी निळा झाला. मग राजा राज्य सोडून, बायकोमुलाला विकून स्मशानात राखण करायला उभा राहिला आणि ग्रंथपाल बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “आता बरोबर आहे. रात्र आहे.”

खरंच बरोबर होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याही टिंटवाल्याने ही पट्टी निळ्याच रंगात बुडवली असती. हॉलमध्ये आवाज बंद झाले. मुलंही गप्प. सासूबाईंनी पदर घेतला. आप्पांनी अंधारात वही काढली, पेन उघडलं आणि लिहिता लिहिता थांबले. अंकल त्यांच्याकडे झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “सार, इदु ए खातानो, बी खातानो?”

आप्पांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

“पिच्चर संपू द्या. हरकतीला पंधरा दिवस हायत.”